उजव्या चाकाचा ब्रेक

जालना
१० फेब्रुवारी १९९७

प्रिय बद्री,

तुला नमस्कार लिहावा की नको, या घोळात हा कागद चांगला दोन दिवस टेबलावर पडून होता. शेवटी लिहितोच. नमस्कार.

तुझे बाबा, आमचे काका, गेल्यावर मी तेराव्याला हसनाबादला आलो होतो, हे तुला कुणी सांगितलं का ते माहीत नाही. तुझ्या चुलत्यांनी मला फाटकातूनच माघारी लावलं. मीही आलेल्या पावली फिरलो. ज्याच्या बापाच्या हातात स्टिअरिंग होतं, त्याला मांडवात कोण बसवून घेईल? पण गिरिजाकाकूंच्या पाया पडायचं राहून गेलं, ते मनाला खातं. लहानपणी त्यांच्याच चुलीपुढं बसून मी तुझ्या वाटणीच्या भाकरी खाल्ल्या आहेत.

आता मुद्द्याचं. दादांना, माझ्या बापाला, मी इथं गॅरेजमागच्या खोलीत आणून ठेवलंय. डोक्याची जखम भरली. माणूस मात्र भरून येईना. जेवण नाही, बोलणं नाही. संकष्टीच्या दिवशी राजूरच्या टेकडीवरून गाडी खाली येत होती, पुढं बैलगाडी आडवी आली, इतकंच त्यांना आठवतं. त्यानंतर एकदम गाडी डाव्या बाजूच्या दगडी भिंतीत आणि काका निपचित. मधलं सगळं पुसलं गेलंय. दिवसातून चार वेळा मला एकच विचारतात, "मच्छिंद्रा, म्या ब्रेक दाबला व्हता का रे?" मी काय सांगू? मी होतो का तिथं?

लोक म्हणतात पुंजाराम पेंगला. कुणी म्हणतं प्यालेला होता. ज्या माणसानं तीस वर्षं तुमच्या घरची गाडी चालवली आणि पानसुद्धा गाडीबाहेर उतरून खाल्लं, त्याच्याबद्दल हे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. खोडच नव्हती तर ती जाणार कुठून? भोकरदनच्या कोर्टात एप्रिलची तारीख लागली आहे.

तुझ्याकडं एकच मागणं आहे. गाडी तुमच्या शेडमध्ये पडून आहे. मला तिचे ब्रेक उघडून बघू दे. पंचनाम्याला पेडल दाबून पाहिलं आणि ठीक म्हणून लिहिलं, पण उभ्या गाडीत पेडल कडकच लागतं. दादा चुकले असतील तर चुकले, तसं मी त्यांना तोंडावर सांगेन. पण माणूस असा न कळताच मेला तर मला जगता येणार नाही.

तुझा,
मच्छिंद्र


नागपूर
१८ फेब्रुवारी १९९७

मच्छिंद्र,

पत्र मिळालं. खरं सांगतो, तुझं अक्षर पाहून आधी ते फेकूनच द्यावंसं वाटलं. मग आठवलं की हे अक्षर सुधारण्यासाठी गुरुजींनी तुला माझ्या शेजारी बसवलं होतं. सुधारलं नाहीच.

आईला मी नागपूरला घेऊन आलोय. ती दिवसभर खिडकीत बसते. तिचं म्हणणं पक्कं आहे की पुंजाराम पेंगला. मी तिच्याशी वाद घालत नाही. तिला कुणावर तरी रागवायला हवं आहे, आणि देवावर रागावण्याची तिला सवय नाही.

गाडीचं म्हणशील तर मला ती डोळ्यांसमोर नको आहे. औरंगाबादचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन ती घ्यायला तयार आहेत. बाहत्तर सालची, चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली जर्मन गाडी त्यांना हवीच आहे, फक्त चालती करून द्या म्हणतात. पत्र्याचं काम दुसरा कुणी करेल. ब्रेक तू कर. आपल्या भागात त्या गाडीचे कॅलिपर तुझ्याशिवाय कुणी उघडलेले नाहीत, हे बाबाच सांगायचे. किल्ली राखणदार भिवाकडे आहे.

उघडून काय निघेल ते मला कळव. पण त्यातून काही तरी शोधून काढायचंच असं ठरवून उघडू नकोस. माझे वडील गेलेत. तुझे आहेत.

बद्रीनाथ


जालना
५ मार्च १९९७

प्रिय बद्री,

गाडी ओढून गॅरेजला आणली. तुझ्या शेवटच्या दोन ओळी खिशात ठेवूनच कामाला लागलो.

तुला बँकेच्या माणसाला समजेल असं सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिला दोन्ही अंगांनी धरणारा जो जबडा असतो, तो कॅलिपर. ब्रेक दाबला की त्याच्यातले पिस्टन सरकतात आणि पॅड तबकडीला आवळतात. पिस्टनभोवती एक रबरी कडी असते. सगळा खेळ त्या कडीवर.

पुढच्या डाव्या चाकाचा कॅलिपर पहिल्यांदा उघडला. पॅड बराबर झिजलेले, एका बाजूला तर जळून काळे पडलेले. पिस्टन बोटानं सरकला. मग उजवा घेतला. त्याचे पॅड बसवले त्या दिवसासारखे कोरे. पिस्टन हवेच्या दाबानं हलेना, ठोकून हलेना. शेवटी ग्रीसच्या पंपानं जोर लावून बाहेर काढला. आतली कडी भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगली होती. तिनंच पिस्टन गच्च धरून ठेवला होता.

बद्री, म्हणजे ब्रेक दाबला गेला होता. डावं चाक थांबलं, उजवं पळत राहिलं, आणि गाडी डावीकडं फिरली. डावे पॅड असे जळायला किती जोर लागतो, ते मला माहीत आहे. पेंगलेल्या माणसाचं हे काम नाही.

मी गाडीखालून उठून थेट मागच्या खोलीत धावलो. दारापर्यंत गेलो आणि तिथूनच मागं फिरलो. कारण त्या कड्या मागच्या दसऱ्याला मीच बसवल्या होत्या.

तुला आठवत असेल. काकांनी मला हसनाबादलाच बोलावून घेतलं होतं, गाडी गॅरेजला पाठवायची नाही म्हणून. मी तुमच्या पडवीत बसून डावा कॅलिपर करून टाकला. उजवा उघडला, धुतला, आणि दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून सगळे सुटे भाग पितळी ताटात मांडून वर फडकं टाकलं आणि घरी आलो. दसऱ्याला सोनं वाटायला आलो तेव्हा ते बसवले.

कड्या एकाच पुड्यातल्या, ब्रेक ऑइल एकाच डब्यातलं. डावी बाजू ठणठणीत आणि उजवीची ही गत का? मी रात्रंदिवस तेच करून राह्यलोय, हात आठवून बघतोय. कड्या फुगतात त्या चुकीच्या तेलानं, दुसऱ्या कशानं नाही. मधल्या दिवशी त्या ताटाला कुणी हात लावला होता का? भिवाला विचार. जल्दी कळव. दादांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

तुझा,
मच्छिंद्र


नागपूर
१३ मार्च १९९७

मच्छिंद्र,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुंजारामकाकांनी ब्रेक दाबला होता, हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना मी दोन महिने मनातल्या मनात शिव्या दिल्यात.

पण तू आता दुसऱ्या कुणाला शोधतोयस, ते मला पटत नाही. भिवा दसऱ्याला त्याच्या गावी गेला होता. बाबांना त्या ताटाजवळून जायचीही भीती वाटायची, काही हरवलं तर मच्छिंद्र ओरडेल म्हणायचे. मी आलो होतो, पण लोळत पडलो होतो. राहिली आई. तिनं फक्त पूजा केली. दरवर्षीप्रमाणे घरातलं सगळं लोखंड काढलं, विळ्या, कुऱ्हाड, बाबांची बंदूक, आणि शिवणयंत्राच्या तेलानं पुसून मांडलं. तुझ्या ताटालाही तिनं सोडलं नाही. मच्छिंद्राचं काम आपल्याच घरचं आहे, असं म्हणून एकेक भाग तेलानं पुसला. त्या रबरी बांगड्या फार कोरड्या दिसत होत्या म्हणून त्यांनाही चोळून तेल लावलं, वर झेंडू वाहिला. मला हे बारकाईनं आठवतं, कारण मी तिला चिडवत होतो की आता स्टेपनीलाही कुंकू लाव.

तेव्हा बाहेरच्या कुणाचा हात लागलेला नाही. तू बसवताना काही तरी चुकलास, एवढाच अर्थ निघतो. मी तुझ्यावर केस करणार नाही. कोर्टात तसं सांग आणि वडिलांना सोडव.

आईला यातलं काही बोललेलो नाही. तिची तब्येत बरी नाही. परवा म्हणाली की त्या घरात मी सगळं माझ्या हातानं केलं, त्यांच्या कपड्यांची घडीसुद्धा दुसऱ्याला घालू दिली नाही, तरी माणूस राहिला नाही. तेवढ्या एका समाधानावर ती उभी आहे. ते टिकलं पाहिजे.

बद्री


जालना
१० एप्रिल १९९७

प्रिय बद्री,

उत्तराला उशीर झाला. काम चालू होतं.

तू म्हणतोस ते बरोबर आहे. चूक माझीच. सुटे भाग असे उघड्यावर ठेवून जायला नको होतं, आणि बसवतानाही माझ्याकडून नीट पाहिलं गेलं नाही. यापुढं त्या ताटाचा विषय नको. तू काकूंनाही विचारू नकोस, भिवालाही विचारू नकोस. माझं डोकं फिरलं होतं म्हणून मी काहीबाही लिहिलं.

चारही कॅलिपर झाले. एमआयडीसीत नेऊन वाळूच्या माऱ्यानं साफ केले, जस्ताचा मुलामा दिला. उजव्याचा पिस्टन खराब झाला होता, तो नवा घातला. आतली भिंत बारीक पॉलिश कागदानं ब्रेक ऑइलमध्ये भिजवून घासली, गोल गोल, उभी रेघ एकही येऊ दिली नाही. रबरं नवी. त्या शौकीन माणसाला म्हणावं, गाडी जर्मनीहून आली तेव्हा कॅलिपर असेच दिसत असतील.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी, एक वर पेडलवर. पेडलवर नेहमी दादाच बसायचे. या वेळी मी त्यांना हाताला धरून आणलं आणि सीटवर बसवलं. अपघातानंतर पहिल्यांदाच. त्यांचा पाय पेडलवरून सारखा घसरायचा. मी खालून म्हणायचो दाबा, धरा, सोडा. चौथं चाक झाल्यावर ते वरूनच म्हणाले, "आता बराबर हाय. मंग तवा कोन चुकलं व्हतं?"

मी खालीच होतो, तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं. म्हणालो, "तुम्ही ब्रेक दाबला होता दादा. पक्का दाबला होता. उजवीकडचं काम मी चुकीचं केलं होतं."

ते बराच वेळ उतरलेच नाहीत. पण त्या संध्याकाळी जेवले. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं जाऊन दाढी करून आले, ड्रायव्हरीचा पांढरा ड्रेस धुवायला टाकला. बद्री, मला वाटलं, सुटलो. २२ तारखेला मी ती फुगलेली कडी आणि दोन्ही पॅड घेऊन कोर्टात उभा राहणार. माझं जे व्हायचं ते होवो.

तुझा,
मच्छिंद्र


जालना
२४ एप्रिल १९९७

बद्री,

सगळं संपलं.

वकील मला म्हणाले होते की आधी तुझं सांगणं मांडू. आमचं नाव पुकारलं आणि दादा कुणाची वाट न बघता पुढं झाले. पांढरा ड्रेस, हात जोडलेले. म्हणाले, "साहेब, म्या पेंगलो व्हतो. ब्रेकला पाय लावलाच न्हाई. गुन्हा कबूल हाय."

वकिलांनी त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला. मी मागून ओरडलो तर शिपायानं मला बाहेर काढलं. साहेबांनी दादांना दोनदा विचारलं, समजून सांगताय का. दोन्ही वेळा हो. सहा महिने दिले. नेताना मी विचारलं, दादा हे काय केलं? तर मला म्हणतात, "तुझ्या हातावर गिऱ्हाक येतं. माझ्या पायाचं आता काय काम?"

दाढी त्यासाठी केली होती. ड्रेस त्यासाठी धुतला होता. आणि मी गाढव त्यांना पोटभर जेवताना पाहून खूश झालो होतो.

बद्री, मी तुला खोटं लिहिलं. आता खरं लिहितो, नाही तर मी वेडा होईन. शिवणयंत्राचं तेल ब्रेकच्या रबराला लागलं की ते फुगतं. त्याच दिवशी फुगत नाही, हळूहळू फुगतं. दसऱ्याला मी आलो तेव्हा ताटात झेंडूच्या पाकळ्या होत्या. मी हात जोडले, पाकळ्या झटकल्या आणि कड्या बसवल्या. चकाकत होत्या, मला वाटलं मीच ब्रेक ऑइल लावून ठेवलंय. तेव्हा दोष माझा नाही असं मी म्हणतच नाही. पण तुझं मार्चचं पत्र वाचलं आणि मला कळलं की तेल कुणी लावलं. काकूंनी, आईच्या मायेनं लावलं. ज्या हातानं काकांच्या कपड्याची घडी घातली, त्याच हातानं.

ते मला काकूंना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी ते माझ्या अंगावर घेतलं. मला काय माहीत की माझ्या अंगावरचं काढून दादा स्वतःच्या अंगावर घेतील. तुझी आई वाचवायला गेलो आणि माझा बाप घालवून बसलो. ते हर्सूलच्या तुरुंगात आहेत. साठीच्या घरातला माणूस. आत भाकर खातात की नाही, तेही माहीत नाही.

अपील करता येतं म्हणतात. त्याला पूजेची गोष्ट सांगावी लागेल, काकूंचा जबाब लागेल. मी तुला तो माग असं म्हणत नाही. मी काय म्हणतोय ते मलाच कळत नाही. तू सांग. तू म्हणशील ते करतो. गप्प बस म्हणालास तर गप्प बसतो. फक्त एकट्यानं हे सोसवत नाही रे.

मच्छिंद्र


नागपूर
४ मे १९९७

प्रिय मच्छिंद्र,

मी शाखांच्या तपासणीसाठी आठ दिवस गोंदियाकडे होतो. तुझं पत्र आईनं घेतलं. आजवर तिनं माझं एकही पत्र फोडलेलं नाही. हे फोडलं. म्हणाली, मच्छिंद्राचं अक्षर पाकिटावरच थरथरलेलं दिसलं.

मी परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. तीन दिवस चूल पेटवली नव्हती, शेजारणीनं डबा दिला होता. माझी चाहूल लागताच तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मी पाणी मागितलं तर म्हणाली, तूच घे. अजूनही ती मला काही वाढत नाही. मच्छिंद्र, मला तुझा इतका राग आला की सांगता येत नाही. मग तुझ्या पत्रातलं दाढीचं वाचलं, आणि राग कुणावर करायचा तेच कळेना. चिडवत मी बसलो होतो. समोर बसून.

मी तिला खूप समजावलं. म्हटलं, हे कुणालाच माहीत नव्हतं, तू मुद्दाम केलं नाहीस, पुंजारामकाका सहा महिन्यांनी सुटतील, आपण त्यांचं सगळं पाहू. त्यावर तिनं मान वर केली. म्हणाली, "मी चार महिने त्या माणसाला खुनी म्हणतेय. मला आधी त्याच्यापाशी ने."

वकिलांना मी फोन केला आहे. आईचा जबाब जोडून अपील होईल, पण पुंजारामकाकांनी स्वतः कबुली मागं घेतली पाहिजे. नाही तर काही उपयोग नाही. ते घेतील का?

मला रजा नाही. आई एकटीच येते आहे, ऐकत नाही. रविवारी सकाळच्या बसला तिला स्टँडवर उतरवून घे. तिला वाटेत काही खायला घाल. तुझ्या हातचं कदाचित खाईल.

तुझा,
बद्री


जालना
१३ मे १९९७

प्रिय बद्री,

काकू सुखरूप पोचल्या. रविवारी माझ्याकडं राहिल्या. मी पिठलं केलं होतं, भाकरी थापल्या त्या नकाशासारख्या झाल्या. त्यांनी खाल्ल्या, नावं ठेवली नाहीत. त्यावरूनच मला कळलं की त्या किती खचल्या आहेत.

काल हर्सूलला गेलो. भेटीची जाळी असते, दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत असतात. दादा आले. फार वाळलेत. काकूंना पाहून जाळीपासून दोन पावलं मागंच उभे राहिले, मान खाली.

काकूंनी सगळं सांगितलं. ताट, तेल, रबर. एक शब्द गाळला नाही. मला वाटलं होतं त्या रडतील. रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "पुंजाराम, दोष माझ्या हाताचा आहे. कोर्टात मी सांगते. तुम्ही तुमची कबुली मागं घ्या."

दादांनी मान हलवली. म्हणाले, "बाईसाहेब, तेलाबिलाचं मला काय कळत न्हाई. म्या पेंगलो व्हतो."

मी जाळीला डोकं टेकवून विनवलं. माझा बाप कसला हटवादी आहे ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या मनात एवढंच, तीस वर्षं मालकाच्या घराला बोल लागू दिला नाही आणि आता बाईसाहेबांना लावू? तेच तेच म्हणत राहिले. पेंगलो व्हतो, पेंगलो व्हतो. शिपाई वेळ संपली म्हणून सांगून गेला. काकू माघारी वळल्या. मला वाटलं झालं, आता काही होत नाही.

तेवढ्यात त्या परत फिरल्या आणि जाळीला धरून हळूच म्हणाल्या, "म्हणजे शेवटच्या वेळी ते एकटेच होते. त्यांना वाचवायला कुणीच नव्हतं."

दादांचं तोंड वाकडं झालं. मी माझ्या बापाला आई गेली तेव्हासुद्धा असं पाहिलं नव्हतं. ते जाळीपाशी आले आणि म्हणाले, "न्हाई बाईसाहेब. म्या व्हतो. दोन्ही पायांनी दाबला. उभा राहून दाबला. मालक म्हनले, पुंजाराम, सांभाळ. म्या दाबून राह्यलो आन् ती थांबंना."

इतके दिवस मला विचारत होते. त्यांना आठवत नव्हतं की आठवूनही विश्वास बसत नव्हता, ते मला कळलं नाही, आणि मी विचारणारही नाही. त्यांना आत नेलं. वकील आज तिथं जाऊन सही घेणार आहेत. देतील असं वाटतं.

परतताना बसमध्ये काकू माझ्याशेजारी बसल्या होत्या. बदनापूरजवळ त्यांनी मला विचारलं, ते खरंच सांभाळ म्हणाले असतील ना रे? मी म्हटलं, दादांना खोटं धड बोलता येत नाही काकू, तुम्ही आत्ताच पाहिलं. मग त्या रडल्या.

तुझा,
मच्छिंद्र